गाणं शिकणाऱ्याने कोणता हेडफोन घ्यावा?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीहून रोज लोकलने सीएसएमटीला नोकरीला जाता. शास्त्रीय गाणं शिकता, आणि गुरुजी दुसऱ्या गावी असल्यामुळे क्लास झूमवर होतो. सध्या बिनवायरचे इअरबड्स वापरता. तक्रारी तीन आहेत. क्लास सुरू झाला की तानपुरा घोगरा, फोनवर आल्यासारखा ऐकू येतो. ठेक्याच्या ॲपबरोबर गाऊन रेकॉर्ड केलं की नंतर ऐकताना तुम्ही लयीच्या मागे वाटता. आणि ट्रेनमध्ये आवाज पूर्ण वाढवल्याशिवाय काही समजत नाही. या सगळ्याला पुरेल असा १०,००० रुपयांपर्यंतचा एकच चांगला हेडफोन तुम्हाला हवा आहे, शक्यतो नॉइज कॅन्सलेशनवाला, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारा.

मी २२ वर्षं पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो. निम्मं काम गाण्याचं, निम्मं डबिंगचं. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचा हेडफोनच्या दर्जाशी फारसा संबंधच नाही. २५,००० चे इअरबड्स आणलेत तरी त्या बहुतेक तशाच राहतील. दोष ब्लूटूथचा आहे, आणि दोष तरी कशाला म्हणायचं, ते ज्यासाठी बनलं नाही ते काम आपण त्याच्याकडून करून घेतोय.

आधी लयीचं बघू. ब्लूटूथवर आवाज पाठवताना फोन तो आधी आवळून बारीक करतो, मग तुकड्यातुकड्यांनी पाठवतो, इअरबड ते तुकडे साठवून पुन्हा उलगडतो. या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. २०० धरा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंदांत ६८ मीटर. तुम्ही स्टेजवर बसल्या आहात आणि तबलजी मंडपाबाहेर, लोक चपला काढतात तिथे बसलाय, असा हा प्रकार. गाताना तुम्हाला काही जाणवत नाही, कारण कानावर जो ठेका येतो त्याच्याशी तुम्ही अगदी बरोबर गाता. पण ॲपच्या हिशेबी तो ठेका केव्हाच वाजून गेलेला असतो, आणि तुमचा आवाज त्यावर उशिरा चिकटवला जातो. काही ॲप्स हा उशीर वळता करून घेतात, बरीच घेत नाहीत.

मिनिटाला १२० मात्रांच्या मध्यलयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. तिच्यातले २०० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ निम्मी मात्रा गेली. द्रुत तीनतालात २४० ला गेलात तर मात्राच पाव सेकंदाची, तिथे जवळपास अख्खी मात्रा मागे. उलट विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची असेल तर हा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. माझा अंदाज असा, की बडा ख्याल रेकॉर्ड केलात की सगळं ठीक वाटत असेल आणि तराण्याला तुम्ही कोसळत असाल. तसं असेल तर तुमची लय कच्ची नाही. वायर लावा, प्रश्न संपला.

आता घोगरा तानपुरा. ब्लूटूथ इअरबड दोन वेगवेगळ्या पद्धतींनी चालतात. नुसतं गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने जातो, त्यामुळे स्टिरिओ आणि बऱ्यापैकी स्वच्छ मिळतो. पण क्लास सुरू होऊन इअरबडचा माइक उघडला, की ते फोनकॉलच्या पद्धतीवर उतरतात. तिथे स्टिरिओ जातो, आणि जुन्या पद्धतीत ४ किलोहर्ट्झच्या वरचं, जरा नव्या पद्धतीत ८ च्या वरचं सगळं कापलं जातं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, हा वरच्या स्वरांशांचाच (मूळ स्वराच्या पटीत निघणाऱ्या बारीक स्वरांचाच) खेळ. ते कापले की उरतो तो नुसता गुणगुणाट. अगदी अलीकडच्या काही फोन-इअरबडच्या जोड्यांमध्ये हे सुधारलंय, पण त्यासाठी फोन आणि इअरबड दोघांनाही ती नवी पद्धत यावी लागते, आणि दुकानदाराला विचारलंत तर तो दोन्हींना हो म्हणेल.

तुम्ही लॅपटॉपवर क्लास करत असाल तर एक फुकटचा उपाय आजच करून बघा. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि इअरबड फक्त ऐकण्यासाठी ठेवा. तानपुरा तिथल्या तिथे उजळला तर माझं निदान बरोबर.

त्यातच आणखी एक मेख आहे. अशा ॲप्समधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा एकसारखा चालू राहणारा आवाज हा पंख्याचा किंवा एसीचा समजते आणि पुसून टाकते. तंबोरा तिच्या दृष्टीने एसीच! झूममध्ये संगीतासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती चालू करावी लागते. ज्याच्याकडे तंबोरा वाजतोय त्याने ती करायची असते. म्हणजे गुरुजींचा तंबोरा तुम्हाला तुटक ऐकू येत असेल तर ती सोय गुरुजींच्या बाजूला चालू व्हायला हवी. कोणताही हेडफोन इथे कामाचा नाही, गुरुजींना फोन करून सांगणं कामाचं. आणि इंटरनेटवरचा उशीर तर वायर लावूनही जाणार नाही, त्यामुळे गुरुजींच्या सुरात सूर मिसळून एकत्र गाणं ऑनलाइन जमत नाही ते नाहीच.

तर क्लाससाठी आणि रेकॉर्डिंगसाठी वायरचा हेडफोन, इतकं नक्की. कोणता, हे मात्र गाण्यावर अवलंबून आहे, कारण ऐकायला उत्तम असलेला हेडफोन गायला उत्तम असतोच असं नाही.

दोन्ही कान बोटांनी बंद करा आणि 'आ' लावा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागतो ना? कान बंद झाला की हाडांतून येणारा खालचा भाग वाढतो आणि हवेतून येणारा खरा आवाज कमी होतो. मागून पूर्ण बंद असलेला हेडफोन, किंवा कानात घट्ट बसणारा इअरफोन, हेच करतो. स्टुडिओत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गायक आत शिरतानाच सांगतो. एकदा एक चांगली तयार गायिका अभंग ध्वनिमुद्रित करत होती आणि प्रत्येक टेकला पंचम किंचित उतरत होता. पाच टेक झाले, ती रडकुंडीला आली, हार्मोनियमवाला माझ्याकडे बघायला लागला. मी आत जाऊन तिचा डावा कप कानामागे सरकवला आणि हेडफोनमधला तंबोरा निम्मा केला. पुढचा टेक सुरात. तिला स्वतःचा आवाज ऐकूच येत नव्हता, दुसरं काही नव्हतं.

म्हणून गाणाऱ्याला मी मागून उघडा किंवा अर्धउघडा हेडफोन सुचवतो. त्याच्या कपाला मागे जाळी असते. बाहेरचं आत येतं, आतलं बाहेर जातं, त्यामुळे स्वतःचा आवाज नैसर्गिक ऐकू येतो. तोटा असा, की शेजारी बसलेल्याला तुमचा तंबोरा ऐकू येणार आणि माइक अगदी जवळ असेल तर तो त्यातही थोडा उतरणार. घरच्या क्लासला याने बिघडत नाही. घरात पोरं टीव्ही लावून बसत असतील तर मात्र बंद कपाचाच घ्या आणि एक कान उघडा ठेवून गा. तुमच्या घरचं चित्र मला माहीत नाही, तेवढं तुम्हीच ठरवा.

खरं सांगू का, नुसत्या रियाजाला हेडफोन लावूच नये असं माझं मत आहे. तंबोरा खोलीत घुमला पाहिजे आणि त्यात आपला सूर विरघळला पाहिजे. बरा स्पीकर असेल तर तो लावा. पहाटे साडेपाचला शेजारी झोपलेले असतात म्हणून हेडफोन, एवढीच त्याची जागा. पण क्लासला स्पीकर चालत नाही, गुरुजींना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो.

आता आवाजाचा दर्जा कसा ओळखायचा. खोक्यावर '२० ते २०,००० हर्ट्झ' लिहिलेलं असतं ते सोडून द्या. ४०० रुपयांच्या इअरफोनवरही तेच असतं. कोणता स्वर किती कमीजास्त वाजतो हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. सोनेरी हाय-रेझ स्टिकर ४०,००० हर्ट्झपर्यंतच्या पल्ल्याबद्दल असतो. तो आवाज वटवाघळांना ऐकवायचा असेल तर घ्या.

माझी कसोटी तंबोऱ्याची. तुम्ही काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गाता असं लिहिलंय. तुमचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, १०४ हर्ट्झ. तिच्या पाचव्या स्वरांशावर, साधारण ५२० हर्ट्झवर, स्वयंभू गंधार उभा राहतो. तारा पंचम-षड्जाच्याच लावलेल्या, तरी गंधार ऐकू येतो. (तंबोऱ्याच्या घोडीवर हे स्वरांश इतके जोरकस कसे निघतात यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहिलं होतं, इतका हा प्रश्न जुना आणि मोठा.) खऱ्या, नीट लावलेल्या तंबोऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण फोनवर घेऊन जा आणि हेडफोन लावून डोळे मिटून ऐका. खर्ज भरीव लागतो का, गंधार कान न ताणता सापडतो का, आणि जवारी वाळूसारखी किरकिरते की मधासारखी सुटते? तिन्ही जमलं तर तो हेडफोन गाण्याला चालतो.

मग तबला. डग्ग्याचा घुमारा यायला हवा, पण त्याने चाटेवरचा (तबल्याच्या कडेवरचा) 'ना' गिळता कामा नये. बाजारातल्या बहुतेक हेडफोनांत खालचा आवाज मुद्दाम फुगवलेला असतो, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकणाऱ्याला तो भारी वाटतो. सुरुवातीच्या काळात मी अशाच एका दणदणीत हेडफोनवर भजनांची अख्खी सीडी मिक्स केली होती. डग्गा जास्त वाटतोय म्हणून प्रत्येक भजनात तो कापत गेलो. सीडी छापून आली, गाडीत लावली, तर डग्ग्याच्या जागी कुणीतरी पुठ्ठ्यावर बोटं वाजवतंय. निर्माते शेजारीच बसले होते. तो प्रवास अजून आठवतो.

शेवटी 'स', 'श' आणि 'च' ऐका. हे वर्ण सुईसारखे टोचत असतील तर तासाभराने डोकं दुखणार. आणि जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकणार असाल तर असा हेडफोन टेपची सगळी खरखर समोर आणून ठेवतो.

दोन हेडफोन एकमेकांशी ताडून बघताना दोन्हींचा आवाज कानाला सारखाच मोठा करून घ्या. जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, मलाही वाटतो. फोनमधलं इक्वलायझर बंद करा. चष्मा लावत असाल तर तो लावूनच ऐका, कारण काडीमुळे गादी आणि डोकं यांच्यात फट पडते आणि खर्ज तिथून निसटतो. आणि निदान १५ मिनिटं डोक्यावर ठेवा. दुकानात मऊ वाटलेला पट्टा क्लास पाऊण तास चालला की टाळूवर खिळ्यासारखा लागतो.

नावं विचारलीत म्हणून सांगतो. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती एकेजी के२४० स्टुडिओ. अर्धउघडा, वजनाला हलका, वायर निघणारी (वायरच आधी तुटते, म्हणून हे महत्त्वाचं), ५५ ओहमचा (ओहम म्हणजे विद्युत रोधाचा आकडा, तो मोठा तितका हेडफोन फोनला जड) असल्यामुळे फोनवर चालतो, फक्त आवाजाची पट्टी जरा वर न्यावी लागते. बंद कपाचा हवा असेल तर ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स. त्याच घरातला एम२०एक्स स्वस्त आहे, पण त्याची वायर तीन मीटर लांब आणि न निघणारी. सोनी एमडीआर-७५०६ हा १९९१ पासूनचा स्टुडिओंचा घोडा. माझ्याकडे तीन आहेत आणि रेकॉर्डिंगमधल्या चुका हुडकायला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण 'स' टोचतो, म्हणून शिकणाऱ्याला मी तो सांगत नाही. किमती सारख्या हलतात, घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी बघा. सेनहायझर एचडी ६०० सुंदर आहे, पण तो बजेटबाहेर आणि ३०० ओहमचा. फोनवर तो लाजल्यासारखा वाजतो, त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो कुणी सुचवला तर लक्षात ठेवा, एकाच नावाखाली तो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. फोनसाठी २५० चा चुकून मागवणारे दरवर्षी दोघे-तिघे तरी माझ्याकडे येतात.

तुमच्या फोनला ३.५ ची पिन लागत नसेल तर यूएसबी-सीचं छोटं कन्व्हर्टर घ्यावं लागेल. घेताना त्यात डॅक (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाज करणारी चिप) आहे ना, एवढं विचारा. डॅक नसलेली स्वस्त कन्व्हर्टर काही फोनांवर चालतात, काहींवर मुकी राहतात.

राहिली ट्रेन. नॉइज कॅन्सलेशन एकसारख्या, खालच्या घरघरीवर उत्तम चालतं. बोस कंपनीचे संस्थापक, ज्या अमर बोस यांच्यामुळे हे तंत्र हेडफोनांत रुजलं, त्यांनी १९७८ मध्ये विमानप्रवासात त्यावर विचार सुरू केला, आणि विमानाची घरघर हेच त्याचं आवडतं खाद्य आहे. आपली लोकल वेगळी. उघड्या दारं-खिडक्यांतून येणारा वारा, रुळांच्या सांध्यांचा खडखडाट, शेजारच्या बाकावरची भिशी, यातलं फार थोडं त्याच्या आवाक्यात येतं. वारा थेट बाहेरच्या माइकवर आला तर उलट फडफड ऐकू येते. एसी लोकलने जात असाल किंवा ऑफिसात एसीखाली दिवसभर ऐकत असाल तर माझं मत बदलेल. नाहीतर वायरचा, कानात नीट बसणारा साधा इअरफोन घ्या आणि सोबत आलेल्या तिन्ही मापांची रबरी बुचं लावून बघा. दोन कानांना वेगवेगळी मापं लागू शकतात. बूच बरोबर बसलं की बाहेरचं निम्मं जग आपोआप बंद होतं आणि खर्जही परत येतो. १,५०० रुपयांत काम होतं.

आवाज फुल करणं मात्र आजपासून थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा, की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. डोंबिवली-सीएसएमटी जाऊन-येऊन रोज अडीच तास धरले तर तुमचा आठवड्याचा कोटा मंगळवारी संध्याकाळीच संपतो. गाणाऱ्याचे कान म्हणजे त्याचा तंबोराच, तो बदलून मिळत नाही. आणि प्लॅटफॉर्मवर उतरताना, रूळ दिसत असताना, दोन्ही कान मोकळे ठेवा.

तर एकाऐवजी दोन: घरी क्लासला के२४० किंवा तत्सम, ट्रेनला साधा वायरचा इअरफोन, आणि लागलं तर कन्व्हर्टर. सगळं मिळून बहुधा १०,००० च्या आत बसेल. सध्याचे इअरबड्स फेकू नका, फोनवर बोलायला आणि भाकरी थापताना ऐकायला ते छानच आहेत. आणि मुंबईच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या दोन-तीन वर्षांत सोलून काळे तुकडे पाडतात, तेव्हा ज्याच्या गाद्या सुट्या मिळतात तोच हेडफोन घ्या.

पण खरेदीला जाण्याआधी एक करा. घरात जुन्या फोनबरोबर आलेला वायरचा इअरफोन कुठल्यातरी खणात पडलेला असेल. तो लावून एक द्रुत बंदिश ठेक्यावर रेकॉर्ड करा, आणि मग तीच इअरबड्स लावून करा. दोन्ही ऐका आणि काय आढळलं ते इथेच लिहा. वायर लावूनही मागे पडत असाल, तर मग प्रश्न माझ्या अखत्यारीतला नाही, गुरुजींच्या आहे.